‘कबूल कर, मिटून जाईल’ म्हणतात. सुट्टी ओलांडलेल्या जवानाने खरंच कबूल करावं का?

पत्र थोडक्यात असं : पत्रलेखिकेचे पती पायदळात नाईक आहेत. नोकरी १३ वर्षं ४ महिने. ३० दिवसांच्या सुट्टीवर गावी आले आणि सुट्टी संपायला सहा दिवस उरले असताना सासऱ्यांना अर्धांगवायूचा झटका आला. अकरा दिवस दवाखाना, मग घरी अंथरुणावर. दीर परदेशात. पतींनी कंपनीच्या क्लार्कला दोनदा फोन करून सुट्टी वाढवून मागितली. ‘साहेबांना सांगतो’ एवढंच उत्तर मिळालं. पुढे भीती वाटू लागली तसा त्यांनी फोनच बंद केला. सुट्टी संपून आज ४३ दिवस झाले. मागच्या आठवड्यात पोलीस पाटलांसोबत पोलीस घरी येऊन गेले. युनिटमधल्या गाववाल्या सुभेदारांचा निरोप आहे : ‘ये, कोर्टात सगळं कबूल कर, थोडक्यात मिटून जाईल.’ एक नातेवाईक म्हणतात, आधी अटकपूर्व जामीन घ्या. दुसरे म्हणतात, ओळखीच्या डॉक्टरकडून पतीच आजारी होते असं मागच्या तारखेचं सर्टिफिकेट आणू. त्या विचारतात : ‘कोर्ट मार्शल म्हणजे नोकरी आणि पेन्शन गेलीच ना? मग जाऊन तरी काय उपयोग? आणि गेलेच तर कबूल करावं का?’

ताई,

पतींनी जावं. याच आठवड्यात, कुणी पकडून न्यायची वाट न बघता, आपणहून जावं. मात्र आरोपपत्र हातात घेऊन, वाचून, त्याचा अर्थ कुणा जाणकाराकडून समजून घेतल्याशिवाय ‘कबूल’ म्हणू नये. तुमच्या प्रश्नांची उत्तरं एवढीच आहेत. पण पत्रात तुम्ही काही गोष्टी गृहीत धरल्या आहेत आणि त्या मनात तशाच राहिल्या तर ही उत्तरं तुम्हाला पटणार नाहीत. म्हणून सविस्तर लिहिणं भाग आहे.

‘कोर्ट मार्शल म्हणजे सगळं गेलंच’ हे आधी तपासून पाहू. आर्मी अ‍ॅक्ट, १९५० मध्ये गैरहजेरीसाठी दोन वेगळी कलमं आहेत. कलम ३८ पळून जाण्याचं, म्हणजे डेझर्शनचं. कलम ३९ परवानगीशिवाय गैरहजर राहण्याचं. त्यातल्या (बी) या भागात मंजूर सुट्टी ‘पुरेशा कारणाशिवाय’ ओलांडणं येतं. युनिटमध्ये याला ओएसएल (ओव्हरस्टेइंग लीव्ह) म्हणतात. कलम ३९ ला कमाल शिक्षा तीन वर्षं कैद. कलम ३८ ला एरवी सात वर्षं, आणि माणूस ‘अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस’वर असेल तर कागदोपत्री थेट मृत्युदंडापर्यंत. या कमाल मर्यादा आहेत. घरच्या आजारपणामुळे दीड महिना उशीर झालेल्या जवानाला त्यांच्या आसपासची शिक्षा सहसा होत नाही. पण आपली केस कुठल्या कलमात बसवली जाते यावर पुढचं बरंच ठरतं. आणि ‘अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिस’ म्हणजे युद्धच असतं असं नाही. केंद्र सरकार कलम ९ खाली अधिसूचना काढून ठरावीक भागातल्या सैनिकांना तसं मानू शकतं. पतींचं युनिट सध्या कुठे आहे हे म्हणूनच महत्त्वाचं.

३८ आणि ३९ मधला फरक दिवसांवर ठरत नाही, हेतूवर ठरतो. परत जायचंच नाही असं मनात होतं का, किंवा एखादी जोखमीची ड्यूटी टाळायची होती का, हा प्रश्न असतो. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये कॅप्टन वीरेंद्र सिंग यांच्या प्रकरणात हा फरक मांडला आहे. हेतू कुणी डोक्यात शिरून बघू शकत नाही, म्हणून वागण्यावरून ताडतात. ओळखपत्र आणि वर्दी जपून ठेवली की टाकून दिली? दुसरीकडे कामाला लागला का? घरच्या पत्त्यावरच राहिला की गायब झाला? युनिटशी बोलणं चालू ठेवलं का? तुमच्या पतींच्या बाजूने यातलं जवळजवळ सगळं आहे. विरुद्ध जाणारी गोष्ट एकच, बंद केलेला फोन. तो आज सुरू करा. आधी कंपनी कमांडरला किंवा सुभेदार मेजरना फोन, लगेच तोच मजकूर मेसेजने : वडिलांची परिस्थिती, निघण्याची तारीख, गाडी. मेसेज डिलीट करू नका.

आता घाई का, ते कलम १०६ सांगतं. तीस दिवस विनापरवाना गैरहजर राहिलं की युनिटमध्ये कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसते. ती गैरहजेरीची तारीख नोंदवते आणि सरकारी सामानातलं काय गहाळ आहे त्याची यादी करते. त्यानंतरही माणूस स्वतः आला नाही किंवा सापडला नाही, तर त्याला डेझर्टर समजलं जातं. तुमचे ४३ दिवस झालेत, म्हणजे ही चौकशी झाली असेल किंवा होत असेल. तशी नोंद झाली म्हणजे कलम ३८ चा गुन्हा सिद्ध झाला असं मात्र नाही. तो खटल्यात पुराव्यानेच सिद्ध करावा लागतो, आणि डेझर्शनचा आरोप असला तरी न्यायालय फक्त गैरहजेरीसाठी दोषी ठरवू शकतं. पण दर आठवड्यागणिक ‘परत येणारच होतो’ हे वाक्य हलकं होत जातं. आणि थांबून प्रकरण जुनं होईल ही आशा नकोच : कोर्ट मार्शलला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत असली तरी डेझर्शनला ती लागू नाही.

पोलीस का आले याचंही उत्तर इथेच आहे. कलम १०५ प्रमाणे कमांडिंग ऑफिसर मुलकी अधिकाऱ्यांना लेखी कळवतो आणि पोलीस त्या माणसाला मॅजिस्ट्रेटच्या वॉरंटवर धरावं तसं धरून लष्कराच्या हवाली करतात. म्हणून अटकपूर्व जामिनाचा सल्ला इथे गैरलागू आहे. सेशन कोर्टातून कागद आणलात तरी गैरहजेरी चालूच राहते आणि खटला लष्कराकडेच चालतो. लष्करी कोठडीतल्या आरोपीला जामीन देण्याचा अधिकार आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनलला, म्हणजे सैन्यदलांसाठीच्या न्यायाधिकरणाला आहे, पण तुमच्या प्रकरणात तिथवर जायची वेळच येऊ नये. हजर झालेल्या जवानाला पुष्कळदा ओपन अरेस्टमध्ये, म्हणजे युनिटच्या हद्दीत मोकळं ठेवतात. वकिलाचे पैसे पुढच्या टप्प्यासाठी राखून ठेवा.

हजर कुठे व्हायचं? शक्यतो थेट युनिटमध्ये. प्रवास लांबचा असेल आणि वाटेत पोलिसांनी धरण्याची भीती वाटत असेल, तर जवळच्या लष्करी ठाण्यात : पुणे, देवळाली, अहिल्यानगर, कामठी, सांगली-कोल्हापूरकडच्यांना बेळगाव जवळ. तिथे हजर झाल्याची तारीख, वेळ आणि ठिकाण लिहिलेला सही-शिक्क्याचा कागद मागा. कलम १४२ प्रमाणे असा दाखला खटल्यात पुरावा म्हणून चालतो, आणि त्यात एक गोष्ट आवर्जून लिहिलेली असते : हजर होताना माणसाच्या अंगावर कोणते कपडे होते. उगाच नाही ते. वर्दीत, ओळखपत्र खिशात आणि लीव्ह सर्टिफिकेट हातात घेऊन आलेल्याबद्दल ‘हा पळून गेला होता’ म्हणणं अवघड जातं. सुट्टीवर आणलेलं सरकारी सामान मोजून सोबत द्या. एखादी वस्तू कमी निघाली तर ती हरवल्याचा वेगळा आरोप लागू शकतो.

मागच्या तारखेच्या सर्टिफिकेटचा विषय इथेच संपवू. ते आणू नका. आज पतींवर उशिराचा आरोप आहे, ज्याला खरं आणि समजण्यासारखं कारण आहे. खोटा कागद दाखवला की बनावट दस्तऐवज वापरल्याचा नवा गुन्हा उभा राहतो, आणि कलम ६९ खाली असा मुलकी गुन्हाही लष्करी न्यायालयात चालवता येतो. शिवाय पतीच आजारी होते म्हटलं, तर जवळच्या सैनिकी किंवा सरकारी रुग्णालयात का गेले नाहीत, हा पहिला प्रश्न येईल. मग वडिलांचं खरं आजारपणही कुणी खरं मानणार नाही.

त्याऐवजी एक फाईल करा. सासऱ्यांचं दवाखान्यात दाखल झाल्याचं आणि सोडल्याचं कार्ड, स्कॅनचे रिपोर्ट, तारखा असलेली बिलं. रुग्णाला उठायला-बसायला माणूस लागतो असं उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं आजच्या तारखेचं पत्र. दीर परदेशात असल्याचा कागद. आणि त्या दोन फोनचा कॉल रेकॉर्ड : मोबाइल कंपनीकडून आत्ताच मागवा, नंतर मिळायला त्रास होतो. मूळ कागद तुमच्याकडे ठेवा, साक्षांकित दोन संच पतींकडे द्या. एक संच तुमच्या सहीच्या एका पानी अर्जासोबत कमांडिंग ऑफिसरच्या नावाने स्पीड पोस्टने पाठवा. अर्जात तारखा लिहा, विनवण्या नकोत. आमदार-खासदारांची पत्रं या टप्प्यावर जोडू नका. त्यांनी काम पुढे सरकत नाही, साहेबांचा पारा मात्र चढतो.

युनिटमध्ये पोहोचल्यावर काय होतं, ते माहीत असलं की निम्मी भीती जाते. गेटवर नोंद, वैद्यकीय तपासणी, मग क्वार्टर गार्ड (युनिटची पहाऱ्यातली कोठडी) किंवा ओपन अरेस्ट. कोठडीत ठेवलं तर एरवी ४८ तासांत आरोपाची चौकशी सुरू व्हायला हवी, आणि आठ दिवसांत कोर्ट मार्शल नेमलं गेलं नाही तर कमांडिंग ऑफिसरला उशिराचं कारण वर कळवावं लागतं, दर आठ दिवसांनी. अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर हा आठ दिवसांचा नियम नसतो.

मग सीओंसमोर, म्हणजे कमांडिंग ऑफिसरसमोर पेशी. आर्मी रूल्स, १९५४ मधला नियम २२. वर्दीत, टोपीशिवाय, मार्च करत आत नेतात, आणि तेरा वर्षांच्या सवयीने तोंडातून फक्त ‘जी साब’ निघतं. पण या नियमाने आरोपीला विरुद्धच्या साक्षीदाराला प्रश्न विचारण्याचा, स्वतःचा साक्षीदार बोलावण्याचा आणि निवेदन करण्याचा पूर्ण हक्क दिला आहे. गैरहजेरीच्या केसमध्ये विचारण्यासारखा प्रश्न क्लार्कला : ‘अमुक तारखेला माझा फोन आला होता का? सुट्टी वाढवून मागितली होती का? तुम्ही पुढे कुणाला सांगितलं?’ हे तीन प्रश्न पतींनी कागदावर लिहून न्यावेत. उत्तर काहीही आलं तरी प्रश्न विचारल्याची नोंद राहते.

इथून सीओ आरोप रद्द करू शकतात, स्वतःच्या अधिकारात शिक्षा देऊन मोकळे होऊ शकतात किंवा साक्षी लेखी घ्यायला सांगू शकतात. मधल्या मार्गाचं कलम ८० आहे, आणि इथे पतींचा हुद्दा आडवा येतो. शिपायाला याच कलमाखाली २८ दिवसांपर्यंत कैद देऊन प्रकरण संपवता येतं. पण नाईक, हवालदार यांना, म्हणजे एनसीओंना, कलम ८२ मुळे तशी कैद देता येत नाही. त्यांना ताकीद, सक्त ताकीद, फार तर एका महिन्यात १४ दिवसांच्या पगाराइतका दंड. सीओंना ही शिक्षा अपुरी वाटली तर पुढची पायरी कोर्ट मार्शलच. शिपाई असलेला मित्र २८ दिवसांत सुटला आणि नाईक असलेल्याचं कोर्ट मार्शल झालं, असं दिसलं की लोकांना पक्षपात वाटतो. बहुतेक वेळा कारण हे असतं. पतींनी पेशीत कलम ८० खाली निकाल लावण्याची विनंती जरूर करावी. कागद चोख असतील तर ती मान्य होणं अशक्य नाही.

पुढे सरकलंच, तर नियम २३ प्रमाणे समरी ऑफ एव्हिडन्स होते. साक्षीदारांचं म्हणणं आरोपीसमोर लिहून घेतात, त्याला उलट प्रश्न विचारता येतात. शेवटी त्याला विचारतात, काही सांगायचंय का. आणि आधी बजावतात की बोलण्याची सक्ती नाही, पण बोललात ते लिहून घेतलं जाईल आणि पुराव्यात वापरलं जाऊ शकतं. इथे गप्प बसण्यापेक्षा तारखांसकट खरं सांगणं पतींच्या हिताचं आहे, कारण त्यांच्याकडे सांगण्यासारखं कारण आहे. फोन बंद केल्याचंही सांगावं, लपवू नये. पण मजकूर स्वतःचा असावा. ‘असं लिही, म्हणजे लवकर सुटशील’ म्हणून कुणी सांगितलेली वाक्यं नकोत. सही करण्याआधी लिहिलेलं सगळं आपल्याला समजणाऱ्या भाषेत वाचून घ्यावं.

आता त्या ‘कबूल कर’कडे. सुभेदारसाहेबांच्या हेतूवर शंका घ्यायचं कारण नाही. त्यांनी कबुलीनंतर सौम्य शिक्षा झालेल्या केसेस पाहिल्या असतील. पण शिक्षा ते लिहीत नाहीत. समरी कोर्ट मार्शल, एससीएम, म्हणजे कलम ११६ प्रमाणे कमांडिंग ऑफिसर एकटाच न्यायालय. शेजारी दोन अधिकारी किंवा जेसीओ (नायब सुभेदार, सुभेदार या हुद्द्यांचे) बसतात, पण त्यांना मत नसतं. सीओ लेफ्टनंट कर्नल किंवा वरचे असतील तर एक वर्षापर्यंत कैद देऊ शकतात, खालच्या हुद्द्याचे असतील तर तीन महिने. आणि दोघांनाही नोकरीतून डिसमिस करता येतं. बाकीच्या कोर्ट मार्शलच्या शिक्षेला वरिष्ठांची मंजुरी लागते. एससीएमची शिक्षा सर्वसाधारणपणे त्याच दिवशी अमलात येऊ शकते. सकाळी आरोप वाचून दाखवले आणि संध्याकाळी माणूस नोकरीबाहेर, असं होऊ शकतं, ते यामुळे. एनसीओला कैद झाली तर त्याचा हुद्दाही आपोआप जातो, तो शिपाई होतो.

‘कबूल’ म्हणताना पती नेमकं काय कबूल करणार आहेत ते बघा. उशीर झाला हे नव्हे. ते तर रजिस्टरच सांगतं. ३९ (बी) मध्ये गुन्हा बनतो तो ‘पुरेशा कारणाशिवाय’ उशीर झाल्यामुळे. कबुली म्हणजे वडिलांचा झटका, अकरा दिवसांचा दवाखाना, दोन फोन, हे काहीच पुरेसं कारण नव्हतं असं स्वतःच्या सहीने मान्य करणं. मग साक्षीदार तपासले जात नाहीत, क्लार्कला प्रश्न विचारले जात नाहीत, खटला तासाभरातही आटोपतो. आणि नंतर वर दाद मागायची तर फाईलमध्ये तुमच्या बाजूचं काही नसतं.

नाकबूल केलं म्हणजे सुटलेच असं समजू नका. दवाखान्याचे आणि त्यानंतरचे काही दिवस पती पटवून देऊ शकतील. फोन बंद ठेवलेले पुढचे आठवडे पटवणं कठीण जाईल. दोषी ठरण्याची शक्यता खरी आहे. तरीही या केसमध्ये पारडं नाकबुलीकडे झुकतं, कारण तेव्हा कागद आणि साक्षी रेकॉर्डवर येतात आणि शिक्षा ठरवताना त्या सीओंच्या समोर असतात. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं कारणच नाही, त्यांच्यासाठी मात्र कबुली आणि सोबत शिक्षेत सौम्यता मागणारं लेखी निवेदन हाच शहाणपणाचा मार्ग असू शकतो. प्रत्येक जवानाने नाकबूलच म्हणावं, असा याचा अर्थ घेऊ नका.

कबुली घ्यायची तरी सीओंवर बंधनं आहेत. नियम ११५ प्रमाणे आरोपीला आरोप आणि कबुलीचा परिणाम समजला आहे याची खात्री करावी लागते, साक्षींवरून नाकबूल म्हणणं योग्य दिसत असेल तर तसं सुचवावं लागतं, आणि हे केल्याची नोंद ठेवावी लागते. कबूल केल्यानंतर निवेदनात आरोपीने ‘वडिलांमुळे थांबावं लागलं’ असं सांगितलं आणि कबुलीचा अर्थच त्याला कळला नव्हता असं दिसलं, तर सीओंनी ती बदलून नाकबुली नोंदवायची असते. उच्च न्यायालयांनी आणि ट्रायब्युनलने या नियमांना फाटा दिलेल्या कबुल्या रद्द केल्या आहेत. पण त्यावर विसंबून राहू नये. रद्द होईपर्यंत वर्षं जातात आणि घर तोवर पगाराशिवाय चालवावं लागतं.

दोन हक्क मागितल्याशिवाय बहुधा मिळत नाहीत. एक, नियम ३४ : आरोप कळवणं आणि खटला सुरू होणं यात किमान ९६ तास हवेत; अ‍ॅक्टिव्ह सर्व्हिसवर २४. हे चार दिवस तयारीसाठी असतात. आरोपपत्र आणि समरी ऑफ एव्हिडन्सची प्रत मागावी आणि ती मिळाल्याची तारीख-वेळ लिहूनच सही करावी. कुणी मागची तारीख टाकायला सांगितली तर नम्रपणे नकार. दोन, नियम १२९ : आरोपी सोबत एक माणूस बसवू शकतो, ‘फ्रेंड ऑफ द अ‍ॅक्युज्ड’. तो वकील असू शकतो किंवा विश्वासातला कुणीही. तो सल्ला देऊ शकतो आणि प्रश्न सुचवू शकतो. स्वतः साक्षीदाराला प्रश्न विचारू शकत नाही किंवा न्यायालयासमोर बोलू शकत नाही. त्यामुळे मोठ्या नावाचा वकील नेऊन उपयोग नाही, तिथे त्याला तोंड उघडता येत नाही. आर्मी अ‍ॅक्ट रोज हाताळणारा, शांतपणे चिठ्ठ्या सरकवणारा माणूस हवा. पैशांची अडचण असेल तर युनिटमधला एखादा जाणता अधिकारी किंवा जेसीओही चालतो.

पेन्शनबद्दल नेमकं सांगायचं तर कोर्ट मार्शलमुळे पेन्शन जात नाही, डिसमिस झाल्यामुळे जाते. डिसमिस झालेल्या जवानाला आधीच्या सगळ्या नोकरीचंही पेन्शन आणि ग्रॅच्युइटी मिळत नाही. राष्ट्रपतींच्या विशेष अधिकारात अपवाद होऊ शकतो, पण तो अपवादच. कैद, हुद्दा जाणं, सक्त ताकीद, ज्येष्ठता कमी होणं यांपैकी काही झालं आणि नोकरी टिकली, तर पेन्शनचा रस्ता उघडा राहतो. जवानाला सेवा पेन्शनसाठी १५ वर्षं भरावी लागतात. पतींना २० महिने कमी आहेत, त्यात गैरहजेरीचे आणि कैद झाली तर तेही दिवस मोजले जात नाहीत, म्हणजे तारीख तेवढी पुढे जाईल. गैरहजेरीच्या दिवसांचा पगार कापला जाणारच. तो हिशोब घरखर्चात आत्ताच धरा.

डिसमिस न होता शिक्षा झाली तरी एक गोष्ट पतींना विचारून घ्या : शीट रोलवर, म्हणजे सेवेच्या नोंदपत्रावर, शिक्षेच्या लाल शाईतल्या नोंदी किती आहेत? चार रेड इंक एन्ट्री झाल्या की ‘सेवेस अयोग्य’ म्हणून घरी पाठवण्याचा विचार होतो. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये वीरेंद्र कुमार दुबे यांच्या प्रकरणात सांगितलं आहे की हे आपोआप होत नाही. आधी चौकशी हवी, नोकरीची वर्षं आणि त्या माणसाची परिस्थिती बघायला हवी. पण तीन नोंदी आधीच असतील तर यावेळची चौथी टाळण्यासाठीच सगळी शक्ती लावायला हवी.

निकाल फारच कडक लागला तर पुढे रस्ते आहेत. एससीएमचे कागद कलम १६२ प्रमाणे ब्रिगेड किंवा डिव्हिजनच्या वरिष्ठांकडे आपोआप जातात; ते गुणवत्तेवर शिक्षा कमी किंवा रद्द करू शकतात, मात्र निव्वळ तांत्रिक कारणावर नाही. त्यांच्यासमोर तुमची बाजू कागदावर असायला हवी ती यासाठी. पतींनी कलम १६४ खाली अर्जही करावा. कार्यवाहीची प्रत मागण्याचा हक्क आहे, ती लेखी मागावी. त्यानंतर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी मुंबईचं खंडपीठ. एससीएमच्या बाबतीत तिथला दरवाजा मुख्यतः डिसमिसल किंवा तीन महिन्यांहून जास्त कैद झालेल्यांसाठी आहे. ट्रायब्युनलच्या निकालावर उच्च न्यायालयात रिट करता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये स्पष्ट केलं. अर्जांना मुदती असतात. ‘बघू पुढच्या महिन्यात’ नको.

वकिलाकडे जायची वेळ आलीच तर दोन निकाल त्याच्याशी बोला. १९८७ चा रणजित ठाकूर : क्वार्टर गार्डमध्ये जेवायला नकार दिला म्हणून एका सिग्नलमनला एससीएमने एक वर्ष कैद आणि डिसमिसल दिलं होतं, सर्वोच्च न्यायालयाने पूर्वग्रह आणि गुन्ह्याच्या मानाने अतोनात शिक्षा या कारणांनी ते रद्द केलं. आणि २०१६ चा विश्व प्रिय सिंग : एससीएम हा नेहमीचा मार्ग नव्हे, तातडीची गरज असेल तेव्हाचा अपवाद आहे. शिस्तीसाठी हत्यार हवं हे मान्य, पण एकाच माणसाकडे तपास, निकाल आणि अंमल देणारी ही पद्धत जपून वापरायची गोष्ट आहे. वायुदलाच्या कायद्यात एससीएम नाहीच आणि तिथली शिस्त काही मोडून पडलेली नाही.

हे वाचणाऱ्या इतरांसाठी : अग्निवीरही आर्मी अ‍ॅक्टखालीच येतात, त्यांनाही यातलं बहुतेक सगळं लागू. जेसीओ आणि अधिकाऱ्यांवर एससीएम चालत नाही. त्यांच्यासाठी जनरल कोर्ट मार्शल, किमान पाच अधिकारी आणि सोबत कायदेशीर सल्ला देणारा जज अ‍ॅडव्होकेट, जिथे वकील उघडपणे बाजू मांडू शकतो. नौदलाचा कायदा वेगळा, १९५७ चा. आणि सुट्टीवर असताना घरात संकट आलं तर सुट्टी संपण्याआधीच, फोनवर न थांबता, कारण आणि कागद जोडलेला लेखी अर्ज स्पीड पोस्टने आणि मेसेजने पाठवा. पोस्टाची पावती जपा. तुमच्या केसमध्ये त्या पहिल्या आठवड्यातली एक पावती असती, तर आज निम्मं पत्र लिहावं लागलं नसतं.

राहिलं सासऱ्यांचं. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘वाटतं, नोकरीच सोडून द्यावी.’ स्वतःच्या मागणीवरून डिस्चार्ज घेता येतो, पण १५ वर्षांआधी घेतला तर सेवा पेन्शन नाही. त्यापेक्षा प्रकरण मिटल्यावर पतींनी सहानुभूतीच्या कारणावरून घराजवळच्या पोस्टिंगसाठी अर्ज करावा. सासऱ्यांची तीच वैद्यकीय फाईल तिथेही लागेल. आणि पती निघण्याआधी दिवसा सासऱ्यांजवळ थांबणारं माणूस नक्की करा, दिरांकडून दरमहा ठरावीक पैसे मागून घ्या, अवघडल्यासारखं वाटलं तरी. पती क्वार्टर गार्डमध्ये असताना घरून ‘ये, बाबांना बरं नाही’ असा फोन जाऊ नये, एवढी व्यवस्था आठ दिवसांत होऊ शकते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही एकदा जाऊन या. खटल्यात ते पडणार नाहीत, पण कुठला अर्ज कुणाच्या नावाने करायचा हे सांगतील.